सेकंड ऑर्डर सिस्टीम प्रत्यक्ष कामात: झीटा कुठून आणायचा?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ राहील. तुम्ही मेकॅनिकलची पदवी घेऊन दोन वर्षं पॅकेजिंगची यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात काम करताय. कॉलेजात सेकंड ऑर्डर सिस्टीम शिकलात, झीटा-ओमेगाची गणितं सोडवलीत (झीटा म्हणजे हेलकावे किती लवकर विरतात ते सांगणारं प्रमाण, एक किंवा जास्त असेल तर हेलकावे नाहीतच; ओमेगा म्हणजे हेलकाव्यांची वारंवारता, रेडियन प्रति सेकंदात), पण कामावर त्यांचं नावही कुणी काढत नाही. तुम्ही विचारताय की हेच एक समीकरण स्प्रिंगमध्ये, सर्किटमध्ये, भूकंपाच्या कोडमध्ये आणि आता मशीन लर्निंगमध्येही का भेटतं. शिवाय तुमच्या सर्व्हो अक्षावर (स्थिती मोजत मोजत मोटरने हलवला जाणारा भाग) ३० टक्के ओव्हरशूट येतोय, म्हणजे तो ठरलेली जागा तेवढी ओलांडून पुढे जातो, पहिला उच्चांक ८० मिलिसेकंदांवर दिसतो, आणि सीनियरच्या सांगण्यावरून पोझिशनचा गेन, म्हणजे चूक किती जोरात दुरुस्त करायची ते ठरवणारा आकडा, कमी केला की यंत्र मंद होतं.

मी गेली सव्वीस वर्षं औद्योगिक वजनकाटे आणि सर्व्होच्या कामात आहे. सर्व्होचं उत्तर शेवटी देतो, कारण ते बाकीच्या गोष्टींतूनच निघतं.

समीकरण बाजूला ठेवा आणि ऊर्जा कुठे साठते ते शोधा. ऊर्जा साठवणारी जागा एकच असेल तर सिस्टीम फर्स्ट ऑर्डर. तापलेला तवा थंड होतो तेव्हा तो खोलीच्या तापमानाखाली जाऊन परत वर येत नाही. त्याला तेवढी एकच जागा आहे आणि ती हळूहळू रिकामी होते. जागा दोन असतील, आणि त्या वेगळ्या जातीच्या असतील, तर ऊर्जा एकीतून दुसरीत आणि परत पहिलीत अशी ये-जा करू शकते. झोक्यावरचं मूल टोकाला क्षणभर थांबतं तेव्हा सगळी ऊर्जा उंचीत असते, आणि मधून जाताना सगळी वेगात. स्प्रिंग आणि वस्तुमान, कॅपॅसिटर आणि कॉइल या जोड्याही अशाच. वेगळ्या जातीच्या असणं महत्त्वाचं आहे, आणि वर्गात ते बहुधा राहून जातं. एकाखाली एक ठेवलेल्या दोन पाण्याच्या टाक्यांचं समीकरणसुद्धा दुसऱ्या कोटीचंच असतं, पण पाणी कधी हेलकावे खात टाक्यांमधून वर-खाली होत नाही. दोन्ही जागा एकाच जातीच्या आहेत, दोन्हींत फक्त पातळीच साठते. अशा सिस्टीमचा झीटा एकच्या खाली जाऊच शकत नाही.

हेलकाव्याच्या सिस्टीमला तीन गोष्टी लागतात: वस्तुमान, ताठपणा आणि डँपिंग, ज्याला पुस्तकी मराठीत अवमंदन म्हणतात. वस्तुमान गुणिले त्वरण, अधिक डँपिंग गुणिले वेग, अधिक ताठपणा गुणिले विस्थापन, बरोबर बाहेरचं बल. पहिल्या दोन गोष्टी ड्रॉइंगवरून काढता येतात. पत्र्याची जाडी, बीमची लांबी, पोलादाची घनता हाताशी असली की पाच-दहा टक्क्यांच्या आत उत्तर मिळतं. घोडं पेंड खातं ते तिसऱ्या गोष्टीपाशी. डँपिंग ड्रॉइंगवर नसतं. ते बोल्टच्या जोडाखालच्या घर्षणात असतं, बेअरिंगच्या ग्रीसमध्ये असतं, वेल्डच्या आसपास असतं, आणि कंट्रोलर असेल तर त्याच्या उशिरातही असतं, पण उलट्या चिन्हाने. झीटा कामावर कुणी काढत नाही त्याचं कारण हेच, की तो काढता येत नाही, मोजावाच लागतो. मोजण्याची सवय नसली की लोक अंदाजाने ०.०२ किंवा ०.७ लिहून मोकळे होतात, आणि यंत्र ऐकत नाही तेव्हा दोष सेन्सरला देतात.

एक काम सविस्तर सांगतो. दहाएक वर्षांपूर्वी पशुखाद्याच्या एका कारखान्यातून बोलावणं आलं. बॅच तोलणारा हॉपर, म्हणजे नरसाळ्यासारखं भांडं होतं, तीन लोडसेलवर (वजन मोजणारे सेन्सर) टांगलेलं. तक्रार अशी की गेट बंद झालं तरी इंडिकेटरवरचा आकडा तीन-तीन सेकंद ठरत नाही, त्यामुळे तासाच्या बॅच कमी निघतात. आमच्या आधी कुणीतरी इंडिकेटरमध्ये एक सेकंदाची सरासरी लावून गेलं होतं. आकडा शांत दिसायला लागला खरा, पण प्रत्येक बॅचमध्ये माल जास्त पडू लागला. हिशेब सोपा आहे. एक सेकंदाची सरासरी म्हणजे तुम्हाला दिसणारा आकडा अर्ध्या सेकंदापूर्वीचा. माल सेकंदाला ८ किलोने पडत असेल तर गेट बंद करण्याचा हुकूम निघेपर्यंत ४ किलो जास्त पडलेले असतात. प्रवाह रोज सारखा असता तर ते ४ किलो आधीच वजा धरता आले असते, पण भरडा दमट असला की प्रवाह बदलतो आणि चूकही बदलते.

मी पहिल्या दिवशी इंडिकेटरला हात लावला नाही. डायल गेज (बारीक सरक सुईने दाखवणारं मापक) हॉपरच्या खालच्या कडेला टेकवला आणि भरायला सांगितलं. ४०० किलो माल आत गेला तेव्हा सुई १.३ मिलिमीटर खाली आली. हॉपरचं स्वतःचं वजन २०० किलो, म्हणजे भरलेल्या अवस्थेत एकूण झुकाव २ मिलिमीटर. लोडसेल स्वतः इतका दबत नाही. पूर्ण भाराखाली तो मिलिमीटरचा काही अंशच हलतो. याचा अर्थ वाकत होता तो वरचा सी-चॅनल, म्हणजे पोलादी तुळई, जिच्यावर लोडसेल बसवले होते.

इथे एक सूत्र पाठ ठेवण्यासारखं आहे. १५.८ ला मिलिमीटरमधल्या झुकावाच्या वर्गमुळाने भागलं की नैसर्गिक वारंवारता हर्ट्झमध्ये मिळते. २ मिलिमीटरला ११ हर्ट्झ. वस्तुमान आणि ताठपणा वेगवेगळे माहीत असायचीही गरज नाही. गुरुत्वाकर्षणाने दोन्हींचा भागाकार आधीच करून दिलेला असतो. याच सूत्राने रिकाम्या हॉपरची वारंवारता १९ हर्ट्झ येते. म्हणजे हॉपर भरत जातो तसतशी ती १९ वरून ११ पर्यंत खाली येते, आणि एका ठरावीक वारंवारतेला छाटणारा फिल्टर लावला तर तो अर्धा वेळ चुकीच्या जागी बसलेला असतो.

मग डँपिंग. भरलेल्या हॉपरला लाकडी हातोड्याचा एकच ठोका दिला आणि लोडसेलचा कच्चा सिग्नल सेकंदाला १०० नमुन्यांनी लॅपटॉपवर घेतला. पडद्यावर हेलकावे दिसले, प्रत्येक आधीच्यापेक्षा किंचित लहान. दहा उच्चांक मोजले. दहाव्यानंतर उंची पहिल्याच्या पाव झाली होती. पावाचं, म्हणजे चारचं नैसर्गिक लॉगॅरिथम १.३९. त्याला १० ने भागा, मग २ पायने, म्हणजे ६.२८ ने. झीटा आला ०.०२२. एवढंच गणित आहे, कागदाच्या पाठीवर होतं. आकडा २ टक्क्यांच्या आत यायला लागणारा वेळ म्हणजे ४ भागिले झीटा आणि ओमेगा यांचा गुणाकार. ११ हर्ट्झचा ओमेगा ७० रेडियन प्रति सेकंद, तेव्हा ४ भागिले १.५४, म्हणजे २.६ सेकंद. त्यांची तीन सेकंदांची तक्रार अक्षरशः या एका ठोक्यात दिसत होती.

चॅनलच्या मधोमध खालून एक खांब उभा केला आणि दोन गसेट प्लेटा (जोड ताठ करणाऱ्या पट्ट्या) वेल्ड केल्या. झुकाव अर्ध्या मिलिमीटरवर आला, वारंवारता २२ हर्ट्झवर गेली. झीटा पुन्हा मोजला तर जवळपास तोच होता, तरीही वेळ १.३ सेकंदांवर आला, कारण ओमेगा दुप्पट झाला होता. खरा फायदा पुढे होता. हेलकाव्याच्या एका पूर्ण आवर्तनाएवढ्या लांबीची सरासरी घेतली तर तो हेलकावा तिच्यात जवळपास पुसला जातो. २२ हर्ट्झचं एक आवर्तन ४५ मिलिसेकंदांचं, म्हणून सरासरी एक सेकंदावरून ४५ मिलिसेकंदांवर आणली. हॉपर भरलेला असतानाच अचूकता हवी असते, म्हणून भरलेल्या अवस्थेतली वारंवारता धरली. उशीर २२ मिलिसेकंद उरला, आणि जास्त पडणारा माल ४ किलोवरून दोनशे ग्रॅमच्या आत आला. सॉफ्टवेअरमध्ये जे दोन वर्षं सुटलं नव्हतं ते एका खांबाने सुटलं. तेव्हापासून मी हाताखालच्या प्रत्येक मुलाला सांगतो की फिल्टर लावायच्या आधी ठोका मारून बघ.

इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांकडे हाच प्रकार एका वेगळ्या वेषात येतो. १२ व्होल्टचा ॲडॉप्टर लांब वायरने जोडायचा आहे आणि बोर्डच्या तोंडाशी सिरॅमिक कॅपॅसिटर आहे, जो अगदी चांगला, म्हणजे आतला रोध नगण्य. चालू ॲडॉप्टरची पिन आत घातली की वायरचं इंडक्टन्स आणि तो कॅपॅसिटर मिळून सेकंड ऑर्डर सिस्टीम बनते, तिला डँपिंग जवळपास नाही, आणि तोंडावरचा व्होल्टेज क्षणभर २४ च्या जवळ जातो. १६ किंवा १८ व्होल्ट सहन करणारी चिप तिथेच मरते, आणि नंतर मल्टिमीटर लावला तर सगळं १२ व्होल्टच दिसतं. उपाय म्हणून शेजारी एक साधा इलेक्ट्रोलायटिक कॅपॅसिटर लावतात. त्याच्या आतला जो रोध एरवी त्याचा दोष समजला जातो, तोच इथे डँपरचं काम करतो. मला हे उदाहरण फार आवडतं, कारण डँपिंग म्हणजे काय हे ते हातात देतं. ऊर्जा कुठेतरी उष्णता होऊन निघून जायला हवी, आणि ती जागा आपण ठेवलेली नसेल तर सिस्टीम स्वतःची शोधते, बहुधा सगळ्यात महागड्या भागात.

इमारतींकडे जाऊ. भारतीय भूकंप कोड आयएस १८९३ मधला संकल्पनेसाठीचा आलेख ५ टक्के डँपिंग धरून काढलेला आहे. त्या आलेखाची कल्पना अशी: शेकडो वेगवेगळ्या आवर्तनकालांचे साधे सेकंड ऑर्डर दोलक एका रांगेत उभे आहेत असं समजा, सगळ्यांना तोच भूकंप द्या, आणि प्रत्येकाचा जास्तीत जास्त प्रतिसाद नोंदवा. १९३२ मध्ये मॉरिस बिओट यांनी कॅलटेकमधल्या प्रबंधात ही वाट घातली, आणि आज जगभरातले कोड तिच्यावर उभे आहेत. दोलकांना द्यायला खऱ्या भूकंपाची नोंद लागते, आणि आपल्याकडची सर्वांत अभ्यासली गेलेली नोंद कोयनेची आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झालेला तो धक्का धरणाच्या आतल्या गॅलरीतल्या यंत्राने नोंदला. १०३ मीटर उंचीच्या त्या धरणाला, जिथे त्याच्या पाठीचा उतार बदलतो त्या उंचीच्या आसपास, दोन्ही अंगांना आडव्या चिरा पडल्या. धरणांच्या गणिताचं नवं सॉफ्टवेअर तपासायचं असेल तर आजही जगात अनेक जण कोयना धरण आणि तीच नोंद घेतात. सातारा-कराडकडच्या घरांत त्या पहाटेच्या आठवणी असतात. त्याच पहाटेचा कागद संशोधकांच्या रोजच्या वापरात आहे हे फार थोड्यांना माहीत असतं.

तो ५ टक्के आकडा कुणी एखादी इमारत मोजून काढलेला नाही. तो एक समंजस करार आहे. हलक्या धक्क्यात इमारतीचं डँपिंग त्याहून बरंच कमी असतं, आणि भिंतींना तडे जाऊ लागले की तडे स्वतःच ऊर्जा खातात आणि ते वाढतं. पण तडे ताठपणाही कमी करतात. १९ सप्टेंबर १९८५ ला मेक्सिको सिटीत जे झालं ते इथे आठवावं. भूकंपाचं केंद्र साडेतीनशे किलोमीटरहून दूर होतं. शहर मात्र जुन्या तळ्याच्या गाळावर वसलेलं, आणि तो गाळ सुमारे २ सेकंदांच्या आवर्तनकालाने हलू लागला. इमारतीचा आवर्तनकाल ढोबळमानाने मजल्यांच्या एक दशांश सेकंद असतो, म्हणजे दहा मजल्यांना एक सेकंद. अशा इमारती सुरुवातीला अनुनादापासून दूर होत्या. तडे गेले, ताठपणा घटला, आवर्तनकाल लांबला, आणि त्या स्वतःहून २ सेकंदांच्या दिशेने सरकत गेल्या. सहा ते पंधरा मजल्यांच्या इमारतींचं सगळ्यात जास्त नुकसान झालं. लहान घरं आणि कितीतरी उंच टॉवर त्याच शहरात उभे राहिले. सेकंड ऑर्डरच्या समीकरणात सहगुणक स्थिर धरतो आपण. ते स्थिर नसतात तेव्हा काय होतं याचं याहून क्लेशकारक उदाहरण मला माहीत नाही.

आता त्या उलट्या चिन्हाबद्दल, कारण तुमच्या सर्व्होचं मूळ तिकडे आहे.

डँपिंगचं बल वेगाच्या विरुद्ध दिशेने लागतं. एखादं बल वेगाच्याच दिशेने लागू लागलं तर ते डँपिंगमधून वजा होतं. लंडनचा मिलेनियम पूल १० जून २००० रोजी खुला झाला आणि दोन दिवसांत बंद करावा लागला, कारण तो आडवा डोलत होता. चालणारा माणूस पूल थोडा हलला की तोल सावरायला पाय फाकवून टाकतो, आणि नकळत पुलाच्या वेगाच्या दिशेनेच ढकलतो. नंतरच्या चाचण्यांतून दर माणसामागे सुमारे ३०० न्यूटन-सेकंद प्रति मीटर असा आकडा निघाला. म्हणजे प्रत्येक माणूस पुलाच्या डँपिंगमधून तेवढं काढून घेत होता. त्यामुळे ठरावीक संख्येपर्यंत माणसं चालली तरी काही होत नाही, आणि त्यापुढे थोडी वाढली की डोलणं फोफावतं. नेहमीच्या अनुनादात माणसं वाढली की डोलणं हळूहळू वाढलं असतं. इथे एकदम उंबरठा होता, आणि उंबरठा दिसला की नेट डँपिंग शून्य ओलांडून गेलंय असं समजावं. दुरुस्तीत ३७ द्रवभरित डँपर बसवले, शिवाय स्प्रिंगवर टांगलेली वजनं, आणि फेब्रुवारी २००२ मध्ये पूल परत उघडला. पुलाचा ताठपणा वाढवण्याच्या मागे ते लागले नाहीत, डँपिंग वाढवलं.

उशीरही हेच करतो. कंट्रोलर स्थिती बघून परत ओढणारं बल लावतोय, पण त्याला दिसणारी स्थिती थोडी जुनी आहे, असं समजा. जुनी स्थिती म्हणजे आत्ताची स्थिती वजा वेग गुणिले उशीर. मांडून पाहिलंत तर वेगाच्या पदात एक उणे हिस्सा येतो, आणि झीटामधून ओमेगा गुणिले उशीर भागिले दोन एवढा आकडा वजा होतो. २ हर्ट्झची सिस्टीम आणि ५० मिलिसेकंदांचा उशीर धरा: ओमेगा १२.६, वजाबाकी ०.३१. जिच्याकडे मुळात ०.३ डँपिंग होतं ती सिस्टीम आता कायमची डोलत राहणार. जनरेटरवर काम करणारे म्हणतात ना, गव्हर्नर (इंजिनाचा वेग स्थिर ठेवणारा भाग) हंटिंग करतोय, म्हणजे वेग सतत वर-खाली होतोय, त्याची नाळ थेट इथे आहे. जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६८ मध्ये गव्हर्नरवर जो निबंध लिहिला, तो याच हेलकाव्यांना समीकरणात पकडणारा.

आणि इथे एक गोष्ट तुम्ही स्वतः कागदावर पडताळून बघा. शुद्ध सेकंड ऑर्डर सिस्टीम, जिचे तिन्ही सहगुणक धन आहेत, ती कधीच अस्थिर होत नाही. गेन कितीही वाढवा, ओव्हरशूट वाढेल, हेलकावे जलद होतील, पण ते विरतीलच. प्रत्यक्षात मात्र गेन वाढवत गेलं की एका क्षणी यंत्र किंचाळायला लागतं. याचा सरळ अर्थ असा की तुमच्या सिस्टीममध्ये तिसरी कुठलीतरी जागा किंवा उशीर आहे, जो तुम्ही कागदावर मांडलेला नाही. मॉडेल चुकलं म्हणून हे वाईट नाही. मॉडेल जिथे तुटतं तिथे न मांडलेली गोष्ट सापडते.

संगणकाकडे थोडक्यात. तिथे वस्तुमानही नाही आणि स्प्रिंगही नाही, पण दोन साठवणुका असल्या की पुरतं. विनंत्यांची रांग घ्या. येणाऱ्या आणि निपटणाऱ्या विनंत्यांचा फरक रांगेत साठतो, ही पहिली साठवण. आता रांग लांब दिसली की सर्व्हर वाढवत जा आणि आखूड दिसली की कमी करत जा असा नियम लिहिला, तर सर्व्हरची संख्या ही दुसरी साठवण झाली. मांडून बघा: डँपिंगचं पद कुठेच नाही. झोका देऊन सोडून दिलाय, आणि सर्व्हर सुरू व्हायला लागणारा वेळ उणे डँपिंग घालतोय. सर्व्हरची संख्या तासभर वर-खाली होत राहते ती यामुळे. रांग किती वेगाने वाढतेय हेही नियमात घेतलं की डँपिंग आलं.

मशीन लर्निंगमधला मोमेंटम म्हणजे बोरिस पोल्याक यांनी १९६४ मध्ये मांडलेला जड चेंडू. दर पावलाला मागच्या वेगाचा ठरावीक हिस्सा राखायचा, बहुधा ०.९. इथे परिस्थिती माझ्या हॉपरच्या नेमकी उलटी आहे. डँपिंग तुमच्या हातात आहे, ताठपणा माहीत नाही, कारण ताठपणा म्हणजे त्या दिशेतली वक्रता आणि दिशा लाखो आहेत. ०.९ मोमेंटमला, लर्निंग रेट (पाऊल किती मोठं टाकायचं तो आकडा) आणि वक्रता यांचा गुणाकार ०.००२६ च्या पुढे गेला की ती दिशा हेलकावू लागते. त्यानंतर, स्थिरतेची हद्द ओलांडेपर्यंत, हेलकावा दर पावलाला ०.९५ पट होतो, वक्रता कितीही असो, आणि पंचाहत्तरेक पावलांत २ टक्क्यांवर येतो. लॉसचा, म्हणजे मॉडेलच्या चुकीच्या मापाचा आलेख लाटांसारखा खाली येताना दिसला तर घाबरू नका, तो झीटा एकच्या खाली असल्याची खूण आहे. मात्र याच क्षेत्रात 'सेकंड ऑर्डर मेथड' म्हणतात तेव्हा अर्थ वेगळा असतो. तिथे दुसरं अवकलन काळाच्या संदर्भात नसून वक्रता थेट वापरण्यासाठी असतं, न्यूटनच्या पद्धतीसारखं. शब्द एकच, गोष्टी दोन. मुलाखतींत यावरून गोंधळलेली हुशार मुलं मी पाहिली आहेत.

ॲप बनवणाऱ्यांनाही झीटा भेटतो. अँड्रॉइडच्या स्प्रिंग ॲनिमेशनमध्ये डँपिंग रेशो या नावानेच तो आहे: ०.२ उड्या मारणारा, ०.५ मध्यम, ०.७५ हलका, १ म्हणजे मुळीच उडी नाही. पण स्वतः असा कोड लिहाल तर आधी वेग बदला आणि मग त्या नव्या वेगाने स्थिती बदला. दोन्ही जुन्या आकड्यांवरून बदललीत तर प्रत्येक फ्रेमला थोडी ऊर्जा फुकट आत येते. ओमेगा १०, सेकंदाला ६० फ्रेम आणि डँपिंग शून्य असेल तर एका सेकंदात हेलकावा सव्वादोन पट होतो. इथेही उणे डँपिंगच, फक्त ते कोडच्या दोन ओळींच्या क्रमात लपलेलं.

आता तुमचा अक्ष. तुम्ही दोन आकडे दिलेत आणि ते पुरेसे आहेत. ३० टक्के ओव्हरशूट म्हणजे झीटा ०.३६. सोबतीला हेही लक्षात ठेवा: ०.७ ला ५ टक्के, ०.५ ला १६, ०.१ ला ७३. पहिला उच्चांक ८० मिलिसेकंदांवर, म्हणजे पायला ०.०८ ने भागून ३९, आणि झीटाची दुरुस्ती करून ओमेगा ४२. सर्व्हो ड्राइव्हमध्ये बाहेर पोझिशनचा लूप असतो आणि आत वेगाचा; लूप म्हणजे मोजायचं आणि चूक दुरुस्त करायची असं सतत चालणारं चक्र. आतला लूप फर्स्ट ऑर्डरसारखा वागतो असं धरलं तर दोन्ही मिळून सेकंड ऑर्डर होतात. आतल्या लूपची बँडविड्थ, म्हणजे तो किती जलद प्रतिसाद देतो याचं माप, २ गुणिले झीटा गुणिले ओमेगा, ती आली ३० रेडियन प्रति सेकंद, जेमतेम ५ हर्ट्झ. पोझिशनचा गेन म्हणजे ओमेगाचा वर्ग भागिले ही बँडविड्थ, तो आला ५८. आतला लूप बाहेरच्याच्या किमान दुप्पट जलद हवा, तेव्हा झीटा ०.७ मिळतो. तुमच्याकडे तो बाहेरच्याच्या निम्मा आहे.

सीनियरचा उपाय चुकीचा नाही, महाग आहे. पोझिशनचा गेन १५ वर आणलात तर प्रमाण दोनास एक होतं, झीटा ०.७ येतो, पण ओमेगा ४२ वरून २१ वर उतरतो. यंत्र निम्म्या वेगाचं झालं, तुम्ही लिहिलंय तसंच. उलट वेगाचा लूप चौपट जलद केलात, म्हणजे सुमारे ११७ वर नेलात, तर झीटा तोच ०.७ आणि ओमेगा ८३. अक्ष शांतही झाला आणि दुप्पट चपळही.

५ हर्ट्झचा वेग-लूप कुठल्याच धडधाकट ड्राइव्हचा नसतो, तेव्हा पाणी कुठेतरी मुरतंय. माझा पहिला संशय वेगाच्या फीडबॅकवर लावलेल्या फिल्टरवर आहे. एन्कोडरच्या (स्थिती मोजणाऱ्या सेन्सरच्या) सिग्नलमध्ये खरखर दिसली म्हणून कुणीतरी तो फिल्टर जाड केला असणार, आणि त्या उशिरामुळे नंतर वेगाचा गेन वाढवता आला नसणार. दुसरा संशय, ड्राइव्हमध्ये लोडचं जडत्व भरलेलंच नाही. फिल्टर पातळ करा, जडत्व नीट भरा, मग वेगाचा गेन हळूहळू वाढवा. एका टप्प्यावर शिट्टीसारखा आवाज येईल. तो बेल्टचा किंवा कपलिंगचा स्वतःचा सेकंड ऑर्डर जोड असतो. त्याची वारंवारता मोजा आणि नॉच फिल्टर, म्हणजे एकच वारंवारता छाटणारा फिल्टर, नेमका तिथेच लावा, अंदाजाने नको.

पण हे करण्याआधी माझं निदान तपासा. पोझिशनचा लूप उघडा ठेवून फक्त वेगाच्या लूपला लहानशी पायरी द्या, हुकुमावरचा रॅम्प (हुकूम हळूहळू चढवणं) आणि फीडफॉरवर्ड (चूक दिसायच्या आधीच हुकुमावरून बल लावणं) बंद ठेवून, आणि ड्राइव्हच्या स्कोपवर वेग ६३ टक्क्यांपर्यंत पोचायला किती वेळ लागतो ते बघा. ३३ मिलिसेकंदांच्या आसपास आला तर वरचं सगळं लागू आहे. ५ मिलिसेकंद आला तर मी चुकलोय, आणि ओव्हरशूट वेगाच्या लूपबाहेर, म्हणजे मोटरपासून भारापर्यंतच्या बेल्टमध्ये किंवा गिअरबॉक्सच्या ढिलेपणात आहे. मग मोटर बंद करून, ब्रेक लावून, भाराच्या बाजूला एक ठोका मारा, हेलकावे मोजा, आणि दहाव्या उच्चांकाची उंची मला कळवा.